लाभ म्हणणारा मास्तर

साखरशेतात कुणाला बैल घ्यायचा असला की रुपीला बरोबर नेत. सून बघायला जायचं असलं तरी रुपीलाच नेत. बैलाचे दात बघून ती वय सांगे, मुलीच्या घरचा पाण्याचा हंडा बघून मुलीचा स्वभाव सांगे, आणि बहुतेक वेळा दोन्ही खरं निघे. त्यामुळे आपल्याला माणूस पारखता येतो अशी रुपीची पक्की समजूत झाली होती. बैल आणि सून पारखणाऱ्याला मास्तर पारखता येईलच असं नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? तिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती.

ही गोष्ट संस्थानी अमलातली, पहिल्या मोठ्या लढाईच्या चार-दोन वर्षं आधीची. रुपी तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. अंगाने काटक, बोलायला फटकळ, चालायला लागली की बरोबरच्या बाया मागे पडत. नवरा लाडक्या हा देवमाणूस. तारपा वाजवावा तर त्यानेच. तारपा खाली ठेवला की मात्र पुढे काय करायचं, हे त्याला बायकोला विचारावं लागे. उतारावरची नागली, खालच्या खाचरातलं भात, राब जाळण्यापासून खळं सारवण्यापर्यंत सगळं रुपीच्या हुकमाने चाले. पोटी जगलेलं पोर एकच, बुध्या.

बुध्या हुशार आहे हे रुपीला कळलं ते नदीवर. उन्हाळ्यात सगळं गाव मिळून डोहात मासे मारायचं. मग वाटे पडत. माणशी एक वाटा, ज्याचं जाळं त्याला आणखी एक, ज्या घरात बाळंतीण तिला वरचा अर्धा. दरसाल या वाट्यांवरून भांडण ठरलेलं. त्या वर्षी आठ-नऊ वर्षांच्या बुध्याने वाळूवर खडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले, आणि कुणाला किती ते सांगून टाकलं. म्हाताऱ्यांनी मोजून पाहिलं, तर एक मासा इकडचा तिकडे नाही. त्या दिवशी कुणी भांडलं नाही. भांडायला मिळालं नाही म्हणून दोघे-तिघे हिरमुसले, तेवढंच. रुपी मात्र घरी येईतो पोराकडे वळून वळून बघत होती.

पुढे पाऊस सरल्यावर जव्हारच्या बाजारात दवंडी पिटली. खेड्यापाड्यांच्या पोरांसाठी शहरच्या शाळेत दरबारच्या खर्चाने राहण्याजेवणाची सोय होणार होती. साखरशेतच्या बाजूच्या गावांतून एकच पोरगा घेणार. चैत्रात परीक्षा, आणि हिशेबात जो पहिला येईल त्याची जागा. रुपी गवताचा भारा विकायला गेली होती. तिने भारा तसाच टाकला आणि दवंडीवाल्याला तीच दवंडी पुन्हा एकदा पिटायला लावली.

गावात मागे दोन पावसाळे शाळा चालली होती. मग मास्तर हिवतापाने बेजार होऊन पळाला. तेवढ्यात बुध्याला अक्षरओळख आणि आकडे लिहिणं आलं होतं. आता हिशेब पक्का करून घेणारा मास्तर हवा होता, आणि तोही चैत्राच्या आत.

मास्तर होते दोन. एक दाजिबा. जव्हारात शाळेवर केस पिकवून आता शेजारच्या पाड्यावर बहिणीकडे, गोजाबाईकडे, येऊन राहिलेले. म्हातारा तिरसट. नमस्कार केला तरी 'काय काम आहे' म्हणून खेकसायचा. दुसरे रंगोपंत. वाटेवरच्या लाकडाच्या वखारीत कारकून. गोरे, हसतमुख, वयाने तरुण. गावातल्या बायांना 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणणारा हा पहिलाच शिकलेला माणूस. डोंगरातली माणसं देवालाही 'तू' म्हणतात, राजालाही म्हणतील. 'रुपीबाई, तुम्ही बसा' असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही दुसरी कोण रुपीबाई, म्हणून रुपीने मागे वळून पाहिलं होतं.

दोघांतला कोण घ्यायचा? रुपीने तिच्या रीतीने परीक्षा ठरवली. खळ्यावर भाताची रास पडली होती. मोजायला माणूस हवा असं निमित्त करून तिने दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. हिशेब शिकवणाऱ्याला मोजता कसं येतं ते बघावं, यात चूक काही नव्हती. चूक पुढे झाली.

आधी दाजिबा आले. पायली उचलली, रास न्याहाळली, माप भरलं, वरून काठी फिरवून सपाट केलं आणि मोठ्याने म्हणाले, "एक."

खळ्यावरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. राशीचं पहिलं माप कुणी 'एक' म्हणून मोजत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. 'एक' म्हटलं की एकावरच थांबतं, रास वाढत नाही. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"मास्तर, लाभ म्हण," रुपी म्हणाली.

"लाभ म्हणजे किती?" दाजिबांनी विचारलं.

"लाभ म्हंजी लाभ."

"तो आकडा नव्हे. पोराला हिशेब शिकवायचाय ना? मग आकडा आकड्याच्या जागी पाहिजे." आणि त्यांनी दुसरं माप भरलं.

मोजून झाल्यावर त्यांनी बुध्याला समोर उभं केलं. काही विचारलं. बुध्या अडखळला, दोन उत्तरं चुकली, तिसऱ्याला रडकुंडीला आला. दाजिबा म्हणाले, "याला अजून काही येत नाही. डोकं आहे. मी शिकवीन, पण मारीनही. रडेल. चैत्रापर्यंत होईलच, असा शब्द देत नाही."

दोन दिवसांनी रंगोपंत आले. खळ्याच्या कडेला वहाणा काढल्या. राशीला हात जोडले. पूर्वेकडे तोंड करून बसले, पहिलं माप भरलं आणि देवळात म्हणावं तसं लांबवून म्हणाले, "लाऽऽभ." बायांची मनं तिथेच विरघळली. रुपीचंही. मग त्यांनी बुध्याला मांडीशी घेतलं, बेचा पाढा म्हणायला लावला आणि त्याची पाठ थोपटत म्हणाले, "रुपीबाई, हा हिरा आहे हिरा. चैत्रात जागा याचीच."

जाताना त्यांनी रुपीच्या हातची नागलीची भाकर खाल्ली. वरण्याच्या दाण्यांचं कालवण मागून घेतलं. डोंगरात ज्याने आपल्या घरी बसून अन्न खाल्लं, तो आपला झाला. त्याने दगा द्यायचा म्हणजे पोटातलं अन्न त्याला शाप देणार. रुपी हे मानत होती, तिची आई मानत होती, आणि रंगोपंत काही डोंगरातले नव्हते ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आली नाही.

लाडक्या एवढंच म्हणाला, "त्या म्हाताऱ्याची शिवी खरी वाटली मला. याचं हसू कळंना."

"तुला तारप्यातलं कळतं," रुपी म्हणाली. "माणसातलं मला कळतं."

मग रोज संध्याकाळी रंगोपंत येऊ लागले. मोबदला म्हणून भात, कधी कोंबडी, आणि जेवण तर रोजचंच. शिकवायला माणूस खरोखरच चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. कधी हात उगारला नाही. पाढे झाले, पावकी झाली, निमकी, पाऊणकी, सवायकी झाली. बुध्या कुडाच्या भिंतीला टेकून डोलत डोलत म्हणायचा आणि रुपी जात्यावर बसून ऐकायची. एकाही अक्षराचा अर्थ तिला कळत नसे. पण पोर थांबत नाही हे कळे, आणि तिचं जातंही त्याच्याबरोबर थांबत नसे. शेजारची हौशी पाणी आणायला जाताना मुद्दाम अंगणात रेंगाळे. "तुजा पोऱ्या भगतावानी बोलतो गं," म्हणे. रुपी वरवर 'ह्यॅ' म्हणायची. आतून फुगायची.

जेवताना रंगोपंतांना ती निवडून चांगला भाग वाढी. पोराला, नवऱ्याला मागचं. त्यांना ताप आला तेव्हा चार दिवस वखारीवर पेज घेऊन गेली. ते म्हणाले, "माझी सख्खी बहीण असती तरी इतकं करती ना." रुपीला भाऊ नव्हता. हे शब्द तिने कुणाला सांगितले नाहीत. असे शब्द सांगितले की विटतात, असं तिला वाटे.

माघात एकदा बुध्या भाकर खाता खाता म्हणाला, "मास्तर, पाढं झालं. गडी वाढलं, दिस कमी झालं, तसली गणितं कवा?"

"कुणी सांगितली तुला ती?"

"बाजारात पोरं बोलत व्हती. त्रैराशिक म्हणत्यात."

रंगोपंत हसले. "ते मोठ्या शाळेतलं, बाळा. परीक्षेला ते नसतं. तू पाढे घोक." आणि रुपीकडे बघून म्हणाले, "उगीच पोराच्या डोक्यावर ओझं नको."

रुपीला तेव्हा बरंच वाटलं. पोराची एवढी काळजी कोण घेतो?

बाजाराच्या दिवशी मात्र ते येत नसत. रुपीही त्या दिवशी जव्हारला असे. एकदा ती लवकर परतली तर रंगोपंत सखा पाटलाच्या ओटीवर दिसले. शेजारी पाटलाचा देवराम, बुध्याच्याच वयाचा, पाटी घेऊन बसलेला. रुपीला बघून रंगोपंत झटकन उठले आणि ओटीच्या कडेला येऊन म्हणाले, "पाटलांनी पान खायला बोलावलं. पोरगं म्हणालं अक्षर बघा, म्हणून बघत होतो." रुपी पुढे गेली. पाटील बोलावील तर कारकुनाला जावं लागणारच, हे तिला समजत होतं. बैलाचा एक दात हलत असता तर तिने तो बैल घेतला नसता. इथे तिने दात हललेला पाहिला आणि डोळे मिटून घेतले. आपण निवडलेला माणूस खोटा निघावा असं कुणाला वाटतं?

चैत्रात परीक्षा झाली. साखरशेतातून दोघेच, बुध्या आणि देवराम. पोरं शाळेत गेली आणि रुपी बाहेर आंब्याखाली बसली. पाटील दुसऱ्या झाडाखाली बसला. लाडक्याने येतो म्हटलं होतं, पण तिने त्याला गुरांकडे ठेवलं. हा दिवस तिला एकटीला हवा होता. शाळेतून पोरं बाहेर येतील, बुध्या धावत येईल, आपण काय म्हणू, घरी जाताना त्याला काय खायला घेऊ, इथपर्यंत तिचं सगळं ठरून गेलं होतं.

बुध्या धावत आला नाही. चालत आला. पाटी पोटाशी धरलेली.

"काय झालं रे?"

"पाढं कोनी इचारलंच नाय, आये. समदी तसलीच गणितं व्हती. गडी वाढलं, दिस कमी झालं."

तेवढ्यात मागून देवराम उड्या मारत आला. पोरगं निर्मळ होतं, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, "बुध्या, कुरणाचं गणित आलं ना तुला? रंगोपंतांनी किती येळा घोटून घेतलं व्हतं! बाजाराच्या दिशी दुसरं कायच नाय, निस्तं त्रैराशिक. तुला कंच्या दिशी शिकवलं?"

पाटलाने येऊन देवरामचा दंड धरला आणि त्याला ओढत नेलं. जाताना रुपीकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित थोडी शंका उरली असती.

रुपीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती जागची हलली नाही. घरी जाताना पोराला खायला काही घ्यायचं तिला आठवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती वखारीवर गेली. रंगोपंत ओंडक्यांवर खुणा करत होते. "या रुपीबाई, या," म्हणाले. तोच गोड आवाज. कालपर्यंत या आवाजाने तिचा जीव थंड होत होता.

"देवरामला शिकवलं ते माज्या पोराला का नाय शिकवलं?"

त्यांनी खोटं बोलून बघितलंसुद्धा नाही. हातातला गेरू बाजूला ठेवला आणि समजुतीने सांगायला लागले, हट्टी मुलाला सांगावं तसं. "रुपीबाई, जागा एकच. पाटलांचं घर मोठं, मुलगा तिथे टिकेल. तुमचा बुध्या जव्हारात गेला असता, चार दिवसांत रडत आला असता. शिवाय तुमच्या घरातले हात कमी झाले असते. मी तुमचं भलंच पाहिलं. पाढे शिकवले ना? ते काय वाया जातात?"

"आनि तुला काय दिलं पाटलानं?"

आजवर ती त्यांना जीभ वळवून वळवून 'तुमी' म्हणत आली होती. आज 'तू' आपोआप आलं.

रंगोपंतांनी गेरू पुन्हा उचलला. "घराला जागा देतो म्हणालेत ओढ्याकाठी. कुटुंबाला आणायचंय मला. किती दिवस वखारीत झोपू?" मग पुन्हा हसले. "तुम्ही बहिणीसारख्या. तुम्ही समजून घ्याल म्हणूनच मी—"

"बहीण म्हनलास म्हनून नवऱ्याच्या आधी तुला वाढलं," रुपी म्हणाली. "तुज्या तापात माजं खाचर सोडून तुज्या उशाशी बसले. पाटलाकडं जायचंच व्हतं तं सरळ जाऊन ऱ्हायचंस! मी दुसरा मास्तर बघितला असता. माज्या घरी येऊन, माजी भाकर खाऊन, माज्या पोराला अरधं शिकवलंस? केसानं गळा कापलास तू माजा!"

वखारीतले गडी बघायला लागले. रंगोपंतांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तक्रार असली तर गावात पाटलांकडे करा." यात टोमणा नव्हता. गावात तक्रार खरोखरच पाटलाकडे करायची असे.

रुपी त्याच पावली फिरली. घरी आली, बुध्याला दंडाला धरून उठवलं आणि शेजारच्या पाड्याची वाट धरली. ती रडली नव्हती आणि रडणारही नव्हती. जागा पुढच्या साली पुन्हा निघेल, पोरगं मूठभर आहे, त्याचं वय कुठे पळतंय, असं ती स्वतःशीच बडबडत चालली होती. दाजिबा शिव्या देतील, देऊ देत. आपण त्यांना 'लाभ' म्हणायला लावत होतो, त्याबद्दल आपल्याला हसतील, हसू देत. मार देऊन का होईना, सगळं शिकवतील.

दाजिबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. हसले नाहीत, 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाले नाहीत. बुध्याला जवळ बोलावून पाढे विचारले. बुध्याने धडाधडा म्हटले. पावकी विचारली, तीही म्हटली. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या सैल झाल्या.

"पाया झकास घातलाय त्या चोराने," ते म्हणाले. "वर बांधायचं तेवढं राहिलंय. आता ऐक नीट. दोन शेळ्यांना पाल्याचा एक भारा तीन दिवस पुरतो. सहा शेळ्या झाल्या, तर तोच भारा किती दिवस पुरेल?"

बुध्या खाली बघत उभा राहिला.

"सवाल कळला ना?"

"कळला."

"मग?"

"मला नाय येत."

"येत नाही ते ठाऊक आहे. विचार कर. चुकलास तर चुकलास."

"इचार करून काय?" बुध्या हळूच म्हणाला. "आमचं डोकं पाढ्यांपरयंतच चालतं. त्याच्या म्होरं नेलं की फिरतं."

रुपी पुढे झाली. "कोनी सांगितलं तुला?"

"मास्तरांनी. मी एकदा त्रैराशिकाचा लई हट्ट धरला, तू पानी आनाया गेलती तवा. मास्तर म्हणलं, तुमच्या लोकांचं डोकं येवढंच असतं, तुजा काय दोस नाय, आयेला सांगू नको, तिला वाईट वाटंल." मग आईचा चेहरा बघून त्याने घाईने सांगितलं, "रागानं नाय म्हणलं, आये. पाठीवरनं हात फिरवून म्हणलं."

दाजिबा म्हणजे आयुष्यभर पोरांवर ओरडलेला माणूस, पण आता त्यांना ओरडता येईना.

"खोटं बोलला त्यो!" रुपीने पोराचे दोन्ही खांदे धरले. "समदं खोटं! तू हुशार हायस. मी सांगते ना तुला!"

बुध्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, आईची कीव होती, आणि ते रुपीला सोसेना.

"तुला हिसाबातलं काय ठावं, आये?" तो म्हणाला. "तूच सांगितलंस ना, मास्तर म्हणंल त्ये खरं मानायचं."

रुपीचे हात त्याच्या खांद्यांवरून खाली आले. दाजिबा म्हणत होते की उद्यापासून पोराला पाठव, मी बघतो, वेळ लागेल. बुध्या मात्र ओट्यावरून उतरून वाटेला लागला होता. गुरं सोडायची वेळ झाली होती आणि बाप एकटा होता.